तिसऱ्या जागेवरचा कालेर्वो

१

साडेदहाच्या कॉफीला कालेर्वो आला नाही, तेव्हाच रौनीला शंका यायला हवी होती. या माणसाने चर्च चुकवलं, सख्ख्या पुतणीचं लग्न चुकवलं, स्वतःच्या साठीलाही तासभर उशिरा उगवला. पण शिकारीच्या दिवशीची कॉफी त्याने उभ्या जन्मात चुकवली नव्हती.

शेकोटीवरची काळी किटली उकळून उकळून थकली. काठ्यांना टोचलेले सॉसेज फुटून त्यांची चरबी जाळात ठिबकायला लागली. पेंत्तीने आपल्या कुत्र्याला, मुस्तीला, बर्चच्या बुंध्याला बांधलं आणि काळ्या जमिनीच्या नावाने बोटं मोडली. ऑक्टोबर सरत आला, तरी बर्फाचा पत्ता नाही. मूस हरणाचा माग काढायचा तरी कशावर, असं त्याचं रडगाणं सकाळपासून चालू होतं.

रौनीचा भाऊ ताइस्तो तोंड पाडून बसला होता. पावणेदहाला त्याने एका मूसवर गोळी झाडली होती आणि ती चुकली होती. सकाळभरात झडलेली ती एकुलती एक गोळी.

"म्हातारा झोपला असेल," ओइवा घड्याळाकडे बघत म्हणाला. ओइवा म्हणजे कोर्पिसाल्मी गावाच्या शिकारमंडळाचा बावीस वर्षांपासूनचा प्रमुख. जंगलात कोणी कुठे बसायचं, कोणी कधी उठायचं, सगळं त्याच्या शब्दावर. "रौनी, तुझ्या शेजारचीच जागा त्याची. जा, उठवून आण."

रौनी गेली. दलदलीच्या काठाने पायवाट होती, गवतावर दव गोठून कुरकुरत होतं. कालेर्वो आपल्या तीन पायांच्या स्टुलावर, पाइनला पाठ टेकून बसला होता. नारिंगी टोपी नाकावर, रायफल मांडीवर.

"ऊठ रे, कॉफीचं डांबर झालं," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्याला हात लावला.

खांद्याबरोबर सबंध कालेर्वो हलला आणि हळूच बाजूला कलंडला. नारिंगी जाकिटावर, डाव्या बगलेखाली, करंगळी जेमतेम जाईल एवढं भोक होतं.

आज एकच गोळी झडली आहे आणि ती आपल्या भावाची आहे, एवढंच तिला कळलं. ती त्या थंडगार गवतावर बसली.

२

शिकारीत एक पाप असं आहे की ज्याला गावात माफी नाही. प्रत्येकाला आपली जागा ठरवून दिलेली असते, आणि त्या जागेवरून कुठल्या दिशेला गोळी झाडायची तेही ठरलेलं असतं. पळणाऱ्या मूसच्या मागे रायफल फिरवत न्यायची आणि शेजाऱ्याच्या अंगावर आणायची, हे ते पाप.

ताइस्तोने कालेर्वोचं प्रेत पाहिलं, टोपी काढली आणि म्हणाला, "मी मारला." कोणी काही विचारलंही नव्हतं. ओइवाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पेंत्ती कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून उभा राहिला.

काजानी शहराहून पोलीस यायला दीड तास लागला. आलेल्या बाईचं नाव इंकेरी. चाळिशीची, बुटकी, खिशात खारट ज्येष्ठमधाच्या वड्यांची पुडी. बोलता बोलता एक तोंडात टाकायची. स्वतः रानकोंबडे मारायची, त्यामुळे तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. शिकारीच्या खोपीत तिने एकेकाला बोलावलं. त्या दिवशी, शनिवारी, या दलदलीवर पाचच जण होते, बाकीचं मंडळ नदीपलीकडे गेलं होतं. दक्षिण टोकाला पहिल्या जागेवर ताइस्तो. त्याच्या डावीकडे दुसऱ्या जागेवर रौनी. तिच्या डावीकडे, स्प्रूसच्या दाट राईशी, तिसऱ्या जागेवर कालेर्वो. राईपलीकडे चौथ्यावर खुद्द ओइवा. पेंत्ती कुत्र्याबरोबर आतल्या जंगलात.

रौनीची पाळी आली तेव्हा तिने ठरवलं होतं की खरं तेच सांगायचं. खरं सांगितलं की माणूस वाचतो, असं तिला वाटत होतं.

"गोळीचा आवाज कुठून आला?" इंकेरीने विचारलं.

"डावीकडून. राईतून. कडाड्कन."

"नक्की?"

"माझे कान शाबूत आहेत अजून."

इंकेरीने लिहून घेतलं, आणि लिहिताना तिची पेन्सिल जराशी थबकली. तेव्हा रौनीच्या डोक्यात उजेड पडला. ताइस्तो तिच्या उजवीकडे होता. समोर दलदलीपलीकडच्या पीटच्या, म्हणजे खणून काढलेल्या जळाऊ मातीच्या, ढिगाकडे गोळी झाडली, असं तो म्हणाला होता. आणि त्याची सख्खी बहीण सांगत होती की गोळी डावीकडे, कालेर्वोच्या अंगावरून कडाडली. भावाच्या गळ्यात फास आपणच अडकवला की काय, असं तिला वाटलं.

इंकेरीने पुढचं विचारलं. गोळीनंतर काय झालं? रौनीने जसं आठवलं तसं सांगितलं. ओइवाने रेडिओवर विचारलं, कोणी झाडली. ताइस्तो म्हणाला मी, चुकली, जनावर राईकडे पळालं. मग ओइवाने रौनीला विचारलं, जनावर दिसलं का. ती म्हणाली नाही. मग पेंत्तीला विचारलं, कुत्रा कुठे आहे, त्याला आवर म्हणून सांगितलं. मग कॉफीपर्यंत सगळे आपापल्या जागी गप्प.

"आणि गोळीच्या आधी? काहीही. कितीही बारीक."

"काही नाही. लांबवर मुस्ती भुंकत होता. एकदा मागे कुठेतरी फांदीवरून बर्फाचा गठ्ठा पडला. एक सुतार पक्षी होता."

इंकेरीने तेही लिहून घेतलं आणि एक काळी वडी तोंडात टाकली. मग तिने विचारलेल्या प्रश्नाने रौनी चक्रावून गेली.

"वनखात्याने माग ठेवायला लांडग्याच्या गळ्यात बांधलेला पट्टा मार्चमध्ये बंद पडला, त्याबद्दल कालेर्वो तुमच्याशी कधी बोलला होता?"

३

रविवारी पहाटे बर्फ आला, हंगामातला पहिला. सोमवारपर्यंत अंगणातली विहीर दिसेनाशी झाली.

रौनी विधवा, ताइस्तो लग्नाच्या फंदात न पडलेला. दोघं बापाच्या घरात अठरा वर्षं एकत्र राहत होती. त्या अठरा वर्षांत ताइस्तो जेवणाला नाही म्हणाला नव्हता. आता त्याच्यासमोरचं सूप गार होऊन त्यावर साय धरायची. तो लाकडांच्या कोठारात जाऊन ओंडक्यावर बसायचा, कुऱ्हाड हातात न घेता. रायफली पोलिसांनी नेल्या होत्या, तरी रौनीने रिकाम्या कपाटाची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. होडीची दोरी काढून पलंगाखाली ढकलली. तो कोठारात गेला की ती काही ना काही निमित्ताने मागोमाग जायची: सरपण हवंय, मांजर शोधतेय. मांजर बिचारी चुलीशी झोपलेली असायची. पाच मिनिटं त्याचा आवाज आला नाही की ती दाराच्या फटीतून डोकावायची.

आणि त्या भीतीच्या तळाशी दुसरी एक भीती होती, जिच्याकडे ती बघत नव्हती.

सोमवारी दुपारी ओइवा आला, मूसच्या मांसाचा मोठा तुकडा घेऊन. त्याने ताइस्तोला चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. अपघात आहे, सगळं गाव जाणतं. कबुलीवर सही करून टाक म्हणाला. सशर्त शिक्षा होईल, तुरुंग नाही, मी स्वतः कोर्टात तुझ्या बाजूने उभा राहीन. जितकं लांबवशील तितकं जळत राहशील. ताइस्तो मान हलवत राहिला. ओइवा इतका मऊ बोलताना रौनीने कधी ऐकला नव्हता. गेल्या वर्षी लांडग्यांनी त्याचे दोन कुत्रे फाडले, तेव्हापासून तो माणसांशीही भुंकल्यासारखाच बोलायचा. संकटात माणूस चांगला होतो, असं म्हणून तिने मांस तळघरात ठेवलं.

मंगळवारी इंकेरी आली. तिला कॉफी आणि दालचिनीचा पाव दिला. दोन्ही तिने संपवलं आणि मग बोलायला सुरुवात केली.

"ते भोक मला पटत नाही," ती म्हणाली. "मूसची गोळी अंगात शिरली की छत्रीसारखी उघडते. बाहेर पडते तिथे मूठ जाईल एवढी जखम करते. कालेर्वोच्या अंगातून गोळी जशी आत गेली तशीच बाहेर पडली. बारीक, नीटस. पुढे दलदलीत कुठे रुतली, देव जाणे."

"फांदीला लागून मंदावली असेल," ताइस्तो भिंतीकडे बघत म्हणाला. स्वतःविरुद्ध वकिली करणारा असा माणूस इंकेरीने पाहिला नसावा.

"ताइस्तो, बंदुकीला आवाज किती असतात?"

"एक."

"दोन. एक तोंडाशी होतो, बारूद पेटून तापलेला वायू बाहेर फुटतो त्याचा. तेवढाच सायलेन्सर गिळतो. त्याच्या पोटात कप्पे असतात, त्यांतून तो वायू फिरत फिरत, थंड होत बाहेर पडतो. दुसरा आवाज गोळीचा. ती आवाजाच्या दुप्पट वेगाने हवा फाडत जाते आणि जाईल तिथे कडाका करत जाते. तो गिळायला सायलेन्सर काय करणार? गोळी तर त्याच्या हातातून केव्हाच सुटलेली."

हे गावातल्या पोरालाही ठाऊक होतं. सायलेन्सरशिवाय रायफल कोर्पिसाल्मीत उरलीच नव्हती. आपले कान वाचतात, कुत्र्याचे वाचतात. तरी असं फोडून कोणी सांगितलं नव्हतं.

"आणि तो कडाकाही मारायचा असेल तर?" इंकेरीने विचारलं.

"मंद काडतूस," रौनी म्हणाली. "बारूद कमी, गोळी जड. आवाजाहून सावकाश जाते, कडाका होतच नाही. रानकोंबड्यांसाठी आमच्याकडे सगळ्यांकडेच असतं. एक पक्षी पडला तरी शेजारच्या फांदीवरचा उडत नाही."

"मूसवर?"

"छे. कायद्यानेच चालत नाही. मूसच्या शिकारीला ते कोण आणेल?"

"तेच मी विचारतेय," इंकेरी म्हणाली.

रौनीला कळायला थोडा वेळ लागला. शनिवारी कदाचित दोन गोळ्या झडल्या होत्या. एक सगळ्यांनी ऐकली. दुसरी कोणीच ऐकली नाही. आणि ती झाडणारा शेकोटीपाशी त्यांच्याबरोबर सॉसेज खात बसला होता.

"उद्या सकाळी दलदलीवर या," इंकेरी उठत म्हणाली. "तुमच्याच जागेवर. मला तुमचे कान हवेत."

४

बुधवारी दहा वाजता ऊन पडलं होतं आणि स्प्रूसच्या प्रत्येक फांदीवर बर्फाच्या उशा होत्या. रौनी आपल्या जागेवर उभी राहिली. इंकेरीने तिच्यासोबत ओइवाला ठेवलं. दलदल त्याच्याइतकी कोणालाच माहीत नाही, ती कुठे बोट दाखवते ते त्याने नकाशावर मांडावं, अशी तिने त्याला विनंती केली होती. ओइवाने नकाशा पसरला. पेंत्तीला बोलावलं नव्हतं. शनिवारी सकाळभर त्याच्या रेडिओचा ठिपका सगळ्यांच्या फोनवर हलत होता, किलोमीटरभर आत. त्याला विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"तीन गोळ्या झाडणार," इंकेरी रेडिओवर म्हणाली. "डोळे मिटा. प्रत्येक वेळी आवाज कुठून आला ते दाखवा."

पहिली गोळी सायलेन्सर काढून झाडली. दणका उजवीकडून आला, छातीत बसला. रौनीने उजवीकडे, ताइस्तोच्या जागेकडे बोट केलं. बरोबर, असं रेडिओवर आलं.

दुसरी. कडाड्! डावीकडून, थेट राईतून. तिने न कचरता डावीकडे हात केला.

"मी जागेवरून हललेली नाही," इंकेरी म्हणाली. "ताइस्तोच्या जागेवरून, तो म्हणाला तसंच, पीटच्या ढिगावर झाडली. यावेळी सायलेन्सर लावून. तोंडाचा आवाज गिळला गेला, तेव्हा बंदूक कुठे आहे हे सांगायला कानाला काही उरलं नाही. उरला कडाका. तो राईच्या भिंतीवर आपटून तुमच्याकडे आला."

रौनीने डोळे उघडले. म्हणजे ताइस्तोने रायफल फिरवली नव्हती. चार दिवस तिने त्या माणसाच्या मागे फिरून पहारा केला, आणि तो खरं बोलत होता. तिला तिथेच बसून रडावंसं वाटलं.

"डोळे मिटा. तिसरी."

तिने मिटले. वाट बघितली. ओइवाचा श्वास शेजारी ऐकू येत होता. खूप वेळ गेला. मागे डाव्या बाजूला, शंभर पावलांवर, फांदीवरून बर्फाचा गठ्ठा धप्पकन पडला.

"अजून झाडली नाही का?" रौनीने रेडिओचं बटण दाबून विचारलं. "इथे बर्फ पडतोय नुसता."

रेडिओ क्षणभर खरखरला.

"कुठे पडला?"

तिने न बघताच हात केला, मागे, डावीकडे, तिसऱ्या आणि चौथ्या जागेच्या मधल्या उन्मळलेल्या स्प्रूसकडे.

"तिथेच आहे मी," इंकेरी म्हणाली. "बर्फ नव्हता तो. मंद काडतूस होतं. रौनी, शनिवारी झाडांवर बर्फ होता का?"

५

शनिवारी जमीन काळी होती. झाडं काळी होती. पेंत्ती त्यावरूनच कुरकुरत होता. सत्तावन्न हिवाळे या जंगलात काढलेल्या बाईच्या कानावर धप्प आवाज आला आणि कानाने आपल्या सवयीचं नाव त्याला दिलं. तिने विचारही केला नाही की पडायला वर बर्फच नाही.

तो उन्मळलेला स्प्रूस तिसऱ्या आणि चौथ्या जागेच्या मध्ये होता. तिथे तिच्यासमोरून न जाता पोचू शकणारा माणूस एकच. आणि तो आत्ता तिच्यापासून हातभर अंतरावर नकाशाची घडी करत होता. त्याच्या कमरेला सुरी होती. गावात सगळ्यांच्याच कमरेला असते, आजवर तिला ती कधी दिसलीही नव्हती.

"शनिवारी बर्फ पडल्याचं पोलिसांना सांगितलंस?" ओइवाने विचारलं. आवाज तोच, सोमवारचा, मऊ.

"लिहून घेतलंय त्यांनी."

"माणसाच्या कानाचा काय भरवसा. आत्ताच फसलीस ना तू? म्हणावं, नीट आठवत नाही." त्याने नकाशा खिशात घातला. "ताइस्तोला काय होणार आहे? चार महिने, तेही कागदावर. गाव त्याला अंतर देणार नाही. मला जन्मठेप होईल, रौनी. सहासष्ट वर्षं वय आहे माझं."

इंकेरी शंभर पावलांवर होती. बर्फात शंभर पावलं म्हणजे किती वेळ, हे रौनी मनात मोजत होती. हो म्हणावं आणि घरी जावं, असं तिला खरोखर वाटलं. आठवत नाही म्हणावं. मग तिला ताइस्तो दिसला, कोठारातल्या ओंडक्यावर, रिकामे हात मांडीवर.

"तो चार दिवस जेवलेला नाही," ती म्हणाली. "चार महिने कुठले? तो कोर्टाच्या तारखेपर्यंत टिकणार नाही."

"सावरतात माणसं."

"ओइवा, बावीस वर्षं गोळी झडली की तू जागांच्या क्रमाने विचारतोस. एक, दोन, तीन. माणूस गाढ झोपला असला तरी त्याचं नाव घेतोस. शनिवारी मला विचारलंस आणि मग थेट पेंत्तीला. जनावर राईकडे पळालं होतं, कालेर्वोच्या अंगावरून गेलं असतं. त्याला का नाही विचारलंस?"

ओइवाने तिच्याकडे बघितलं. त्याचा हात कमरेशी गेला आणि तिथेच राहिला. रौनीला वाटलं, आता संपलं.

"तोंडाशी आलं होतं नाव," तो शेवटी म्हणाला. "जीभ वळली नाही. उत्तर येणार नाही हे माहीत असताना हाक कशी मारायची?"

मग तो कालेर्वोच्या स्टुलाचे तीन खड्डे जिथे बर्फाखाली होते, त्या दिशेला बघत उभा राहिला. लांडग्यांनी माझे कुत्रे माझ्या अंगणात खाल्ले, म्हणाला. मार्चमध्ये मी एकाला टिपलं, असंच, आवाज न करता. पट्टा खड्ड्यात फेकला, तो या शहाण्याला उन्हाळ्यात सापडला. सोमवारी वनखात्याकडे जाणार म्हणून सांगत आला मला, मित्र म्हणून आधी सांगतो म्हणाला. लांडगा मारणं गुन्हा; बंदुका गेल्या असत्या, मंडळ गेलं असतं. मी काय उरलो असतो?

रौनीच्या मागच्या स्प्रूसमधून बर्फ झटकत एक तरुण हवालदार बाहेर आला, तीस पावलांवरून, आणि त्याने ओइवाच्या कमरेची सुरी काढून घेतली. ओइवाने हात स्वतःच पुढे केले.

नंतर इंकेरीने सगळं सांगितलं. कालेर्वोच्या खिशातल्या वहीत सोमवारी लांडग्याचा पट्टा घेऊन वनखात्यात जायचं टिपलेलं होतं, म्हणून तिने पहिल्याच दिवशी त्या पट्ट्याचं विचारलं होतं. मंद गोळी लवकर खाली झुकते, म्हणून ती जवळूनच मारावी लागते, साठसत्तर पावलांवरून. कालेर्वोपासून तेवढ्या अंतरात आडोशाला ते एकच झाड. आणि तिचा तो मवाळ धप्प बंदुकीच्या तोंडाचाच असतो. कडाका चकवतो, पण हा जिथून येतो तिथेच बंदूक असते. हवालदार पहाटेपासून रौनीच्या मागच्या झाडीत बसला होता म्हणाली.

"मला का नाही सांगितलं?" रौनी तिच्या अंगावरच गेली. "मी मेलेच होते भीतीने!"

"तुमच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं," इंकेरी म्हणाली. "माफ करा." आणि वड्यांची पुडी पुढे केली. रौनीने घेतली नाही.

६

ताइस्तो कोठारात ओंडक्यावर होता. रौनीने दारातच सगळं सांगून टाकलं, एका दमात, मधलं निम्मं गाळून. पीटच्या ढिगातून पोलिसांनी त्याची शनिवारची गोळीही खणून काढली होती, छत्रीसारखी उघडलेली.

"म्हणजे मी नाही," तो म्हणाला.

"तू नाही."

त्याने तळहात उलटेसुलटे करून बघितले. "होडीची दोरी तुझ्या पलंगाखाली आहे," तो म्हणाला. "किल्ली पिठात आहे. मला माहीत होतं."

"भीती वाटत होती मला."

"कशाची? मी जिवाचं काही करीन याची?"

"हो."

"का मीच मारला याची?"

रौनीला खोटं बोलता आलं असतं. तसं बोललेलं त्याला आवडलंही असतं कदाचित. पण चार दिवस तिने त्या दुसऱ्या भीतीकडे पाठ फिरवली होती आणि आता ती समोर येऊन उभी होती.

"दोन्हीची," ती म्हणाली.

ताइस्तोने मान हलवली. रागावला नाही. बाहेर छपरावरून बर्फ घसरला आणि धप्पकन अंगणात पडला; दोघंही दचकली.

"मलाही," तो म्हणाला. "मीही मारलाच असं धरून चाललो होतो. तुला काय सांगू."

मग तो रडायला लागला, तोंड न झाकता, लहानपणी रडायचा तसा. रौनी ओंडक्यावर त्याच्या शेजारी बसली आणि त्याचं रडणं थांबेपर्यंत बसून राहिली.